चोरलेल्या पिढ्या आणि आपले वसतिगृह



गेल्या तिमाहीत आपल्या हितचिंतकांचा मेळावा झाला. त्यात एका ज्येष्ठ बंधूंनी एक सूचना मांडली. ते म्हणाले, मुले होळीला घरी जातात, आठ-दहा दिवस पाड्यावर राहतात आणि परत येतात तेव्हा वर्षभर लावलेले वळण विसरून आलेली असतात. बोलणे पुन्हा भिल्ली, प्रार्थनेत लक्ष नाही, रात्रीच्या नाचाच्याच गोष्टी चालू. म्हणून होळीची सुट्टी बंद करावी आणि मुले दहाव्या वर्षी घेण्याऐवजी सहाव्या वर्षीच घ्यावीत, म्हणजे लवकर घडतील. सभेत बऱ्याच जणांनी मान डोलावली. हे बंधू मनाने फार चांगले आहेत. आपल्या दोन मुलींच्या नर्सिंगची फी ते अनेक वर्षे भरत आहेत. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, मी गप्प बसले.

त्यानंतर संपादकांनी जानेवारीच्या अंकासाठी "जगातील आदिवासी" या मालिकेत एक देश निवडून लिहायला सांगितले. मी ऑस्ट्रेलिया निवडला. माझे राहिलेले उत्तर मला तिथल्या इतिहासात सापडले.

आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो. ऑस्ट्रेलियातही तो राष्ट्रीय दिवस आहे, परंतु कारण वेगळे. १७८८ साली त्या दिवशी कॅप्टन आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत इंग्लंडचा झेंडा लावला. त्याच्याबरोबर ११ जहाजे आणि हजाराहून अधिक माणसे होती, त्यांतली बहुतेक शिक्षा झालेले कैदी. ज्या किनाऱ्यावर ते उतरले तिथे लोक राहत होते. त्या खंडावर माणूस किमान ५० हजार वर्षांपासून आहे, आणि अलीकडच्या उत्खननांवरून काही संशोधक हा आकडा ६५ हजारांवर नेतात. २५० हून अधिक भाषा तिथे बोलल्या जात. म्हणून तिथले आदिवासी, ज्यांना अ‍ॅबोरिजिनल म्हणतात, २६ जानेवारी हा शोकदिन पाळतात.

त्याआधी १७७० साली जेम्स कुक तिथे जाऊन आला होता. त्याला लेखी सूचना होत्या की तिथल्या रहिवाशांच्या संमतीनेच जागा ताब्यात घ्यावी. संमती कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. त्याच साली ऑगस्टमध्ये त्याने पूर्वेचा सगळा किनारा राजाच्या नावाने आपला म्हणून जाहीर केला. पुढे कायद्याने असे धरून चालण्याचा प्रघात पडला की ही भूमी कोणाचीच नव्हती, कारण इथल्या लोकांनी कुंपणे घातली नव्हती आणि इंग्रजी पद्धतीची शेती केली नव्हती. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या एका वसाहतवाल्याने आजच्या मेलबर्नजवळ आदिवासींशी जमिनीचा करार केला. करार लबाडीचाच होता, घोंगड्या, चाकू आणि पीठ देऊन त्याने लाखो एकर मागितले होते. परंतु गव्हर्नरने तो रद्द करताना जे कारण दिले ते त्याहून वाईट. जमीन राजाची आहे, आदिवासींना ती विकण्याचा हक्कच नाही.

आपल्याला नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट पाठ आहे. पहिल्या राजे पुस्तकाचा २१ वा अध्याय आपण संडेस्कूलमध्ये चित्रे लावून शिकवतो. अहाब राजाने निदान मळ्याची किंमत तरी देऊ केली होती. नाबोथ वाडवडिलांचे वतन द्यायला तयार झाला नाही, तेव्हा त्याच्यावर खोटे साक्षीदार उभे केले गेले. ऑस्ट्रेलियात साक्षीदारांचीही गरज पडली नाही, कारण मळा नाबोथाचा आहे हेच राजाने मानले नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण सगळे सांगायला हा अंक पुरणार नाही. पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासचे निम्मे आदिवासी गेले असा त्या वेळचा अंदाज होता. मेंढ्या आणि गाई आत आत सरकल्या तशी पाण्याची ठिकाणे गेली. लोकांनी प्रतिकार केला, आणि त्याला कत्तलींनी उत्तर मिळाले. १० जून १८३८ रोजी मायल क्रीक या ठिकाणी गुराख्यांनी २८ जणांना, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, दोरीने बांधून नेले आणि मारले. या एका प्रकरणात खटला चालला. पहिल्या वेळी पंचांनी अकराही जणांना निर्दोष सोडले. दुसऱ्या खटल्यात सात जणांना फाशी झाली. गोऱ्या समाजात यावर मोठा संताप उसळला, आणि तो मारेकऱ्यांच्या बाजूने होता. त्यानंतरही कत्तली थांबल्या नाहीत, फक्त त्यांबद्दल कोणी बोलायचे नाही असा रिवाज पडला.

आता मिशनऱ्यांकडे येते. आपल्या या पत्रिकेत त्यांच्याबद्दल सहसा चांगलेच छापले जाते. मला दोन्ही बाजू सांगायच्या आहेत.

सिडनीच्या उत्तरेला लॅन्सलॉट थ्रेल्केल्ड नावाचे मिशनरी होते. बिराबान नावाच्या आदिवासी विद्वानाला गुरू करून ते अवाबाकल भाषा शिकले. १८३४ मध्ये त्यांनी तिचे व्याकरण छापले आणि दोघांनी मिळून लूकच्या शुभवर्तमानाचे भाषांतर केले. थ्रेल्केल्ड कोर्टात दुभाषाचे काम करत. तिथे त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. साक्ष देण्यासाठी पवित्र शास्त्रावर शपथ घ्यावी लागे आणि ख्रिस्ती नसलेल्या आदिवासीला शपथ घेता येत नसे. म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे कुटुंब मारले गेले तरी त्याचा शब्द कोर्टात उभा राहू शकत नव्हता. आपले पवित्र पुस्तक मारेकऱ्यांना वाचवायला कसे वापरले गेले हे वाचताना मला लाज वाटली. डिप्लोमाच्या दोन वर्षांत आम्ही मंडळीचा इतिहास शिकलो, पण त्यात हे कुठेच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी "संरक्षणाचे" कायदे आले. १८९७ मध्ये क्वीन्सलँडने, १९०५ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने, १९०९ मध्ये न्यू साऊथ वेल्सने ते केले. शब्द गोड होता. अर्थ असा होता की आदिवासी माणसाने कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, कुठे काम करायचे हे सरकारी संरक्षक ठरवणार. त्याची मजुरीसुद्धा सरकारच्या खात्यात जमा होई आणि अनेकांच्या हाती ती कधी आलीच नाही. क्वीन्सलँड सरकारने २०१९ मध्ये या बुडवलेल्या मजुरीपोटी १९ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तोवर मजुरी करणारे बहुतेक जण देवाघरी गेले होते.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मुख्य संरक्षक हा प्रत्येक आदिवासी मुलाचा सोळा वर्षांपर्यंत कायदेशीर पालक झाला. आईबाप जिवंत असले तरी. न्यू साऊथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीनंतर मुलाकडे दुर्लक्ष होते आहे हे कोर्टात सिद्ध करण्याचीही गरज राहिली नाही. आईबाप आदिवासी आहेत एवढे पुरेसे होते. विशेषतः ज्यांचा रंग उजळ, ज्यांचा बाप किंवा आजा गोरा, अशी मुले उचलली जात. हिशेब असा होता की ती गोऱ्यांत मिसळून जातील आणि बाकीचे काळाच्या ओघात संपतील. हा कोणा एका माथेफिरूचा विचार नव्हता. १९३७ मध्ये कॅनबेराच्या सरकारी परिषदेत तसा ठराव झाला होता.

मुले ठेवली कुठे? सरकारी वसाहतींत आणि आमच्या-तुमच्यासारख्या लोकांनी चालवलेल्या आश्रमांत, वसतिगृहांत. तिथल्या आदिवासींच्या बोलण्यात आजही सरकारी वसाहतीलासुद्धा "मिशन" म्हणतात. दोन्हींत त्यांना फारसा फरक दिसला नाही.

१९३१ मध्ये मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींना वाळवंटाकाठच्या जिगालाँगहून दक्षिणेत मूर रिव्हरच्या वसाहतीत नेले. त्या तिथून पळाल्या आणि सशांसाठी बांधलेल्या लांबच लांब कुंपणाच्या कडेने उत्तरेकडे चालत सुटल्या. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. ग्रेसी वाटेत पकडली गेली, मॉली आणि डेझी घरी पोहोचल्या. मॉलीची मुलगी डोरिस पिल्किंग्टन हिने हे पुस्तकात लिहिले आणि २००२ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. आपल्या युवक संघाने तो जरूर पाहावा. सिनेमात शेवटी थोड्या ओळींत येते ते मला जास्त लागले. मॉली मोठी झाली, तिला दोन मुली झाल्या, आणि १९४० मध्ये तिला मुलींसह पुन्हा त्याच मूर रिव्हरला नेण्यात आले. ती पुन्हा पळाली. तान्ही मुलगी उचलून ती चालली, चार वर्षांची डोरिस मागे राहिली. त्या तान्ह्या मुलीलाही तीन वर्षांनी सरकारने नेले आणि मॉलीला ती परत कधी दिसली नाही.

१९९५ मध्ये सरकारने चौकशी नेमली. अध्यक्ष सर रोनाल्ड विल्सन. ते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते आणि युनायटिंग चर्चचे अध्यक्षही राहिले होते. त्यांच्याबरोबर आदिवासी नेते मिक डॉडसन होते. ७७७ निवेदने आली. दिवसामागून दिवस म्हाताऱ्या बाया-पुरुष समोर बसून सांगत, मला कोणी घेऊन गेले, माझे नाव काय ठेवले, आई मेली असे कसे सांगितले. १९९७ मध्ये अहवाल आला. १९१० ते १९७० या काळात दर दहांत एक ते दर तिनांत एक आदिवासी मूल घरापासून तोडले गेले असा त्याचा अंदाज होता. कोणत्याच कुटुंबाला याची झळ लागली नाही असे नाही.

विल्सन साहेबांची गोष्ट इथेच संपत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ते प्रेस्बिटेरियन मंडळीचे पुढारी असताना ती मंडळी पर्थमध्ये "सिस्टर केट्स" नावाचे मुलांचे घर चालवत होती. त्या घराचा त्यांना अभिमान होता. छोटी छोटी घरे, प्रत्येक घरात एक आईसारखी बाई, स्वच्छ अंथरुणे, रविवारी उपासना. चौकशीत त्याच घरातली मुले, आता पिकल्या केसांची, त्यांच्यासमोर येऊन बसली आणि तिथे काय काय सोसले ते सांगू लागली. विल्सन यांनी ते लपवले नाही. आपलाही त्यात हात होता हे त्यांनी उघडपणे कबूल केले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. अभिमान असलेल्या गोष्टीबद्दल ऐकून घेणे किती अवघड असते हे संस्थेत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

मिशनऱ्यांत अर्नेस्ट ग्रिबल नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांच्याबद्दल काय म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. क्वीन्सलँडमधील याराबा येथे आणि नंतर उत्तरेकडच्या फॉरेस्ट रिव्हर येथे त्यांनी मिशन चालवले. दोन्ही ठिकाणी मुलांना आईबापांपासून वेगळे काढून कुलूपबंद वसतिगृहांत ठेवले, शिस्त फार कडक. आणि १९२६ मध्ये पोलिसांच्या तुकडीने फॉरेस्ट रिव्हर परिसरात आदिवासींना मारून जाळले तेव्हा हेच ग्रिबल राखेतून हाडे गोळा करत फिरले. गोऱ्या शेजाऱ्यांचा बहिष्कार सोसून त्यांनी चौकशी लावायला भाग पाडले. चौकशीत किमान ११ जण मारले गेल्याचे निष्पन्न झाले. कोणाला शिक्षा झाली नाही. माणसांच्या जिवासाठी उभा राहिलेला तोच माणूस त्यांच्या लेकरांना त्यांच्यापासून तोडत होता, आणि दोन्ही गोष्टी आपण प्रभूसाठी करतो अशी त्याची खात्री होती.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात साहाय्यक वॉर्डन होते. आपल्या संस्थेचे नव्हे, नाव घेत नाही. तिथे नियम होता की मराठी सोडून घरची बोली बोलली तर एका शब्दाला एक रुपया दंड. खाऊच्या पैशांतून वजा व्हायचा. दंडाची वही माझ्याकडे असे. मी ती मन लावून लिहीत असे. मुलांचे भले होत आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अक्कलकुव्याच्या डोंगरातला एक सहा वर्षांचा मुलगा होता. त्याला ताप चढला आणि झोपेत तो "याहा, याहा" करू लागला. आपल्याकडे देवमोगरेच्या याहामोगीमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, याहा म्हणजे आई. मी त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवले आणि म्हटले, "आई म्हण बाळा, आई." मी दंड लिहिला नाही, एवढेच.

तो मुलगा शिकला, बारावी झाला. मला वाटले आपण जिंकलो. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कसत आहे तिचा दावा करता येतो. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून जोडता येतो. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण डोंगरात कोणाकडे कागद असतात? त्या मुलाच्या पाड्यावर दावे लिहायला मी गेले. त्याच्या शेजारच्या घराचा दावा होता आणि जबाब त्याच्या आज्याचा घ्यायचा होता. शिकलेला तो एकटाच, म्हणून लिहायला त्यालाच बसवले. म्हातारा बोलू लागला. कोणती नाळ कुठून निघते, कोणत्या मोहाखाली कोणाची हद्द, कोणत्या सालच्या दुष्काळात कोणी कुठे नांगर धरला. मुलगा अर्धे वाक्य लिहून थांबला, मग पुन्हा थांबला. त्याला आज्याचे बोलणे कळत नव्हते. झाडांची आणि नाळ्यांची ती नावे त्याने कधी ऐकलीच नव्हती. शेवटी त्याची आई मध्ये बसली आणि तिने मोडक्या मराठीत सांगितले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, याला तुम्ही चांगला शिकवला. पण आता हा आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो." तिने रागाने म्हटले नव्हते.

वर मी जमिनीचा इतिहास आणि मुलांचा इतिहास असे दोन वेगळे सांगितल्यासारखे वाटले असेल. त्या दिवशी पाड्यावर मला कळले की ते वेगळे नाहीत. ऑस्ट्रेलियात त्याचा कायदेशीर पुरावाच आहे.

विल्यम कूपर नावाचे एक यॉर्टा यॉर्टा जमातीचे ख्रिस्ती गृहस्थ होते. मरे नदीकाठच्या मलोगा मिशनमध्ये ते लिहायला-वाचायला शिकले आणि विश्वासात आले. सत्तरी उलटल्यावर त्यांनी आदिवासींची संघटना उभारली. संसदेत आमचा प्रतिनिधी असावा म्हणून इंग्लंडच्या राजाला उद्देशून अर्ज केला आणि त्यावर १८१४ सह्या गोळा केल्या. सरकारने तो राजाकडे पाठवलाच नाही. २६ जानेवारी १९३८ रोजी वसाहतीला दीडशे वर्षे झाल्याचा देशभर जल्लोष चालू असताना आदिवासी पुढाऱ्यांनी सिडनीत शोकदिनाची सभा भरवली, त्यामागे कूपर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीतल्या यहुद्यांवर हल्ले झाल्याची बातमी आली. स्वतःच्या देशात नागरिक म्हणून धड मान नसलेले हे वृद्ध गृहस्थ मेलबर्नमधील जर्मन वकिलातीवर निषेधाचे पत्र घेऊन चालत गेले. वकिलातीने ते घेतले नाही. कूपर यांनी मंडळ्यांनाही विनंती केली होती की २६ जानेवारीच्या आदल्या रविवारी आदिवासींसाठी उपासना व्हावी. १९४० पासून काही मंडळ्यांनी ती सुरू केली.

आता याच यॉर्टा यॉर्टा लोकांनी पुढे आपल्या जमिनीच्या हक्काचा दावा केला. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. कारण काय, तर मलोगा मिशनच्या रहिवाशांनी १८८१ मध्ये गव्हर्नरकडे अर्ज केला होता की आम्हाला स्थायिक होऊन शेती करायला थोडी जमीन द्या. न्यायाधीशांनी यावरून असे ठरवले की तेव्हाच त्यांची जुनी रीत आणि जमिनीशी असलेले नाते तुटले होते, इतिहासाच्या लाटेने ते धुऊन नेले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. पाहा, आधी मिशनमध्ये आणले, भाषा आणि रीत सोडायला लावली, आणि मग म्हटले की तुमची रीत राहिलेली नाही, म्हणून जमीनही नाही.

सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. टॉरेस सामुद्रधुनीतील मेर या लहानशा बेटावर एडी कोइकी माबो यांचा जन्म झाला. पुढे ते टाऊन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करत. तिथल्या दोन प्राध्यापकांशी बोलताना त्यांना कळले की कायद्याने बेटावरची त्यांची जमीन त्यांची नाहीच, राजाची आहे. त्यांना हे खरेच वाटेना. १९८२ मध्ये त्यांनी आणि चार बेटवासीयांनी दावा लावला. त्या पाचांत फादर डेव्ह पासी होते, अँग्लिकन धर्मगुरू. मेरचे लोक १८७० च्या दशकापासून ख्रिस्ती आहेत, पण कोणाचा बाग कुठे संपतो, कोणाच्या वाटेने जायचे नाही हे सांगणारा मालो या देवतेच्या नावाचा जुना कायदा त्यांनी टाकून दिला नव्हता. आपल्या भाषेत ते तो मुलांना सांगत राहिले. दहा वर्षे खटला चालला. ३ जून १९९२ रोजी सहा विरुद्ध एक मताने निकाल लागला की ही भूमी कोणाचीच नव्हती हे धरून चालणे चुकीचे होते आणि मेरच्या लोकांचा हक्क आजही आहे. माबो त्याच्या पाच महिने आधी कर्करोगाने वारले होते. पुढच्या वर्षी सगळ्या देशासाठी कायदा झाला.

यिरकालाचाही उल्लेख करते. १९६३ मध्ये तिथल्या योल्ङू लोकांच्या राखीव भूमीतले ३०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून दिले गेले. लोकांनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज टाइप करून तो रंगवलेल्या झाडाच्या सालीवर चिकटवला आणि संसदेत पाठवला. मेथॉडिस्ट मिशनच्या वरिष्ठांचे सरकारशी जमले होते. मिशनचे तिथले प्रमुख रेव्हरंड एडगर वेल्स मात्र लोकांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांना तिथून हलवण्यात आले. खाण झालीच. परंतु त्या अर्जातून निघालेली वाट १९७६ च्या भूमिहक्क कायद्यापर्यंत गेली.

आजची स्थिती कशी आहे असे कोणी विचारील. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत चोरलेल्या पिढ्यांची माफी मागितली. पण आदिवासी देशाच्या लोकसंख्येत सुमारे चार टक्के आणि तुरुंगात सुमारे एक तृतीयांश आहेत. त्यांचे सरासरी आयुष्य इतरांपेक्षा आठेक वर्षांनी कमी आहे. घरापासून दूर सरकारी देखरेखीत ठेवलेल्या मुलांत चाळीस टक्क्यांहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे ते काम पूर्ण थांबलेलेही नाही. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी संसदेला सल्ला देणारे आदिवासींचे मंडळ घटनेत आणावे का यावर मतदान झाले आणि सुमारे साठ टक्के लोकांनी नाही म्हटले.

आपले वसतिगृह म्हणजे मूर रिव्हर नव्हे, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे मुले आईबापांच्या इच्छेने येतात, डोंगरात शाळा नीट चालत नाही म्हणून येतात, आणि शिकल्यावाचून वनहक्काचा दावाही लिहिता येत नाही. वसतिगृह बंद करा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. मूल दहा वर्षांच्या आत घेऊ नये. तोवर ते घरची भाषा पक्की बोलते, मग कोणी पुसू म्हटले तरी पुसली जात नाही. वसतिगृहात घरच्या बोलीवर बंदी नसावी. मी तर म्हणते, शनिवारची प्रार्थना मुलांनी आपल्या बोलीत करावी. मध्य ऑस्ट्रेलियात हर्मन्सबर्गच्या बाया लुथरन गीते आज आपल्या अरेंटे भाषेत गातात आणि ऐकणाऱ्यांना त्यांत प्रभूची स्तुती कमी वाटत नाही. आणि होळीला मुलांना घरी पाठवावे. सातपुड्यात होळी म्हणजे नुसता नाच नव्हे. दूर मजुरीला गेलेली माणसे तेव्हाच परततात, आजा-आजी, मामा-आत्या एकत्र बसतात. कोणाचे शेत कुठवर हे मुलांना कोणी शिकवत असेल तर त्याच दिवसांत शिकवते. त्यातल्या कोणत्या गोष्टी आपल्या विश्वासाला धरून नाहीत यावर मुलांशी बोलता येईल, परत आल्यावर, शांतपणे. घरी न पाठवून ते शिकवता येणार नाही.

समितीची सभा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आहे आणि ही सूचना तिथे मतास येईल. मी विरोधात मत देणार आहे, ते आधीच सांगून ठेवते म्हणजे कोणाला अचानक वाटू नये. ज्यांना लिहून काही कळवायचे असेल त्यांनी सभेपूर्वी संस्थेच्या पत्त्यावर पाठवावे, विरोधी मत असले तरी वाचून दाखवीन.

ज्या बंधूंनी सूचना मांडली त्यांना मी होळीला आमच्याबरोबर पाड्यावर चलण्याचे आमंत्रण दिले आहे. जीप आहे, मुक्काम शाळेत होईल, भाकरी-भाजी त्या मुलाच्या आईकडे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. गुडघे दुखतात म्हणतात.